बाबांचं यंत्र आणि माझी जोडवी

जमिनीखालचे पाण्याचे पाइप शोधायला बाबा जो मेटल डिटेक्टर वापरायचे, तो काल मी अंगणात उघडून बसले. दादा म्हणाला, "भंगारात दे गं. मुकं झालंय ते." पण घरातला मिक्सर, रेडिओ, सगळं मीच दुरुस्त करते, मुक्या वस्तूंना बोलतं करणं मला जमतं.

दांड्यावरून खालच्या चकतीकडे जाणारी वायर मी बोटांनी इंच इंच वाकवत गेले. एका जागी स्पीकर खरखरला. वायर वरून धडधाकट होती, आतून तुटलेली. तेवढा तुकडा कापून सोल्डर केलं आणि यंत्र बोलू लागलं. बोलू कसलं, मोकळ्या मातीवरही ओरडू लागलं. बॅटरी बदलली, बटणं फिरवली, तरी तेच.

"झालं समाधान?" दादा हसला.

चिडून चकती लांब सारली, तर यंत्र गप्प. पायाशी आणली, की पुन्हा ओरड. मग खाली पाहिलं. जोडवी!

बांगड्या, घड्याळ आठवणीने काढून ठेवलं होतं. जोडवी मात्र इतकी वर्षं बोटांत आहेत, की ती वेगळी आहेत हेच मी विसरले होते. अंगवळणी पडलेलं आपल्याला दिसत नाही. यंत्राला असली सवय लागत नाही, म्हणून ते बिचारं खरं सांगत होतं आणि मी त्याचा बिघाड शोधत होते.

"मग काढ की ती," दादा म्हणाला.

"कशाला? तू चालव."

जास्वंदीपाशी यंत्र जोरात ओरडलं. दादाने दचकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तो अनवाणी होता.

मी त्याच्या हातात खुरपं दिलं.