सातव्या बेरजेचे वीस गुण

माया तशी शांत बाई. पण सांगलीच्या त्या कॉलेजचा विषय निघाला की तिच्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. का जाऊ नये?

माधवनगरहून स्कूटीवर येऊन ती तिथं कॉम्प्युटरवरच्या गणिताची प्रॅक्टिकलं घ्यायची, तासिका तत्त्वावर. विभागप्रमुख विष्णुपंत सरांनी एकदा जर्नल लिहून दिलेलं. पोरं बारा वर्षं तेच उतरवून काढत होती, मक्षिकास्थाने मक्षिका. चालवून कुणी बघितलंच नव्हतं. मायानं बघितलं. जर्नलातली सातवी बेरीज, महिन्याच्या तीस दिवसांच्या पावसाची, लाल एरर देऊन आडवी झाली.

कारण साधं होतं. यादीतला कितवा आकडा घ्यायचा, तिथं सरांनी नुसतं ‘आय’ हे अक्षर ठेवलेलं. त्या ‘आय’ला एक, दोन, तीन मिळायच्या आधीच सॉफ्टवेअर यादीत हात घालतं आणि अडतं. नुसत्या अक्षरावरून कितवा दिवस ते त्याला कसं कळावं? मायानं वर्गात दुरुस्ती शिकवली: आधी एकेक नंबर द्या, त्या दिवसाचा आकडा काढा, मग मिळवत चला.

परीक्षेत हीच बेरीज आली आणि पलूसच्या रेश्मानं तसंच केलं. उत्तर बरोबर आलं. सरांनी वीसपैकी शून्य दिलं. म्हणे, जर्नलप्रमाणे नाही! म्हणजे पोरगी नापास होणार, आणि पुण्यात एम.एस्सी.ला मिळालेली जागाही जाणार.

माया सरांसमोर कीबोर्ड सरकवून उभी राहिली. “सर, तुमचं तुम्हीच टाइप करा.”

त्यांनी केलं. लाल एरर.

“मशीन जुनं आहे.”

“रेश्माचं ह्याच मशीनवर चाललं.”

बाहेरून आलेले परीक्षक सही करून निवांत चहा पीत होते. “मॅडम, आमच्याकडंही हेच जर्नल आहे. कशाला वाढवताय?”

चोर चोर मावसभाऊ, दुसरं काय. एका पोरीचं वर्ष जातंय आणि ह्यांना चहा गोड लागतोय!

सरांनी गुणपत्रक पुढं केलं. “सही करा. नाहीतर जूनपासून येऊ नका.”

मायानं शून्यावर आडवी रेघ मारली, शेजारी वीस लिहिले आणि खाली सही केली.

“न्हाई येत,” ती म्हणाली, आणि कागद स्वतःच परीक्षा विभागात नेऊन दिला.