फुटक्या एक्सलचा आवाज

पाथरीच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या कुंपणापाशी उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे मामा गेले." मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहीत होतो. मला रडू आलं नाही. आधी आठवली ती हातोड्याची मूठ, मामानं बोळ्यानं पुसलेली... आणि स्वतःचीच शिसारी आली. तीन आठवडे झाले, ती अजून गेलेली नाही.

किसनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. परभणीत पाथरी रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि मला बी. ए. पर्यंत नेलं ते त्याच्या काळ्या हातांनी. त्याची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. पण लोखंड त्याला कळायचं. जुना भाग बसवण्याआधी तो साखळीला टांगायचा, हातोडा मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. चांगलं लोखंड खणखणतं. आत भेग असली की भद्द वाजतं.

मी पदवीधर झालो त्या साली एका कंत्राटदारानं मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकअप आणली. चारही चाकं ओढणारी, पण पुढचा एक्सल मोडलेला. तिच्यातून येलदरीकडं कालव्याच्या कामावर मजूर न्यायचे होते. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत पुढची चाकं ओढत नसतील तर गाडी जागची हलत नाही. म्हणून त्यानं हैदराबादच्या भंगारातून दुसरा एक्सल आणला, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकसंध, जाडजूड, वर ताजा काळा रंग. मामानं तो टांगला, ठोकला आणि मान हलवली.

"फुटका हाय, साहेब. वेल्डिंग करून वरून रंग फासलाय. वीस-वीस बाया-माणसं बसतेत गाडीत."

"मंग? कोण वाकून बघायलंय?" कंत्राटदार हसला. "किसन, तुझ्या भाच्याला मास्तर व्हायचंय न्हवं? माझ्या मेव्हण्याच्या शाळंत जागा हाय. उगं लय शानपना करू नको."

मी तिथंच उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. मामा माझ्याकडे वळला. हातोडा माझ्या हातात दिला.

"तू शिकलेला हाइस. तूच ठोक अन् सांग."

मी ठोकला. भद्द... अगदी स्पष्ट.

"बरा वाटायलाय की, मामा," मी म्हणालो.

मामानं माझ्याकडे पाहिलं. हातोडा परत घेतला आणि मी धरलेली मूठ बोळ्यानं पुसली, सावकाश. मग करवत घेऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तो एक्सल मधोमध कापून टाकला, पुन्हा कुणाला कुठल्याच गाडीला बसवता येऊ नये म्हणून. कंत्राटदारानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मामानं पदरमोड करून नांदेडहून दुसरा आणला, बसवला आणि पहिल्या फेरीला स्वतः पुढच्या मडगार्डवर बसून गेला, चाकाकडं कान लावून. मास्तरची जागा दुसऱ्याला मिळाली. वर्षभरानं मला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली तेव्हा पेढे मात्र मामानंच वाटले. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा अवाक्षर बोलला नाही. मीही नाही.

गॅरेजपुढच्या मांडवात मामाच्या आठवणीसाठी पुण्यानुमोदन झालं. कंत्राटदार मोठा हार घेऊन आला आणि बोलायला उभा राहिला. "किसनराव आमच्या घरचाच माणूस. एकदा फुटका एक्सल आला होता. मीच म्हणलं, किसन, पैसा गेला तरी चालंल, माझ्या मजुरांचा जीव म्हत्त्वाचा. काप तो!" लोकांनी माना डोलावल्या. माझीही डोलली... सवयीनं.

मी उठून आत गेलो. त्या एक्सलचा भेगेकडचा अर्धा तुकडा अजून छताला टांगलेला होता, नव्या पोरांना आवाज ओळखायला शिकवण्यासाठी मामानं ठेवलेला. मामाचा हातोडा काढला आणि जोरात मारला. भद्द आवाज मांडवापर्यंत गेला.

"फुटका हाय!" मी ओरडलो. "तवाबी फुटकाच होता. मी खोटं बोललो."

कंत्राटदार दारात आला. "काय झालं, गुरुजी?"

मी हातोडा त्याच्यापुढे धरला. "तुमीच ठोका अन् सांगा."

त्यानं हात मागं घेतले.

हातोडा आता माझ्याकडे आहे. मूठ मामाच्या ग्रीसनं काळी आहे. ती धरण्याआधी मी हात धुतो.