हळद लागलेला नवरा आणि जोडलेला दांडा

पनवेलच्या इक्बालभाई मिस्त्रींना गोडबोलं गिऱ्हाईक खपत नाही. भावेश धाकट्या भावाच्या वरातीसाठी उंच केलेली जुनी जीप घेऊन आला, तेव्हाही त्यांनी नुसतं हुं केलं.

"चाळीसच्या वर स्टेअरिंग थरथरतं, भाई. टायर बघा."

टायरकडे ढुंकूनही न बघता ते गाडीखाली शिरले. सीटवर नवरदेव मितेश होता. हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पडायचं नसतं, तरी हौसेने आलेला. भाई सांगतील तसं तो स्टेअरिंग फिरवत होता. गाडी उंच केल्यावर स्टेअरिंगचा दांडा तोकडा पडला होता, म्हणून मधे तुकडा वेल्ड केलेला.

"हे कुणी जोडलं?"

"मीच. पक्का हाय."

इक्बालभाईंनी दांडा सोडवून ऐरणीवर ठेवला आणि हातोडा भावेशच्याच हातात दिला. असा जोड दिसला की ते हेच करतात.

"पक्का आहे ना? मग मार."

"उद्या वरात हाय, भाई."

"म्हणूनच मार."

पहिल्याच घावात दांड्याचे दोन तुकडे झाले. सकाळी दोघे भाऊ न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेतून याच दांड्यावर आले होते.

मितेशने हात हळूच उचलले. स्टेअरिंगवर त्याचे पिवळे पंजे उमटले होते.