दुखणं मानेचं नव्हतंच

प्रयोगशाळेतल्या माकडांची देखभाल करणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत. एकवीस वर्षांत कोणतं माकड कशावरून रुसतं, हे त्याला तोंडपाठ झालं होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई डोळ्यांवर काम करायच्या. मान कलली की डोळा जागच्या जागी, घड्याळाच्या काट्यासारखा, किंचित उलटा फिरतो. त्यातलं किती काम एका बारीक नसेमुळे होतं, हे त्यांना मोजायचं होतं. म्हणून एका माकडिणीच्या उजव्या डोळ्याची ती नस त्यांनी तोडली. शुद्धीवर आल्यापासून माकडीण डाव्या खांद्याकडे मान कलवून बसू लागली. मान अवघडली असेल म्हणून भाऊ चोळायला गेला, तर तिनं त्याचा हातमोजाच फाडला.

"मान ठणठणीत आहे तिची," बाई म्हणाल्या. "सरळ धरली की एकाचे दोन दिसतात, म्हणून कलवते."

पुढच्याच महिन्यात भाऊची बायको स्कूटरवरून पडली. डोक्याला टेंगूळ आलं, दोन दिवसांत उतरलं. पण मान वाकडी ती वाकडीच. तेल झालं, शेक झाला, शेजारणीचा मानेचा पट्टाही झाला. बायको शिंपीण, एरवी आखीव-रेखीव शिवणारी. आता गिऱ्हाइकांच्या बाह्या तिरक्या निघू लागल्या.

एका दुपारी ती कठडा घट्ट धरून, पायानं चाचपत जिना उतरत होती. भाऊ खालून बघतच राहिला.

"अगं, तू अगदी आमच्या माकडिणीसारखी मान धरतेस."

"वा! लग्नाला अठरा वर्षं झाली, आज कळलं का?"

"चेष्टा नाही गं. मान सरळ कर. पायऱ्या किती दिसतात?"

"प्रत्येकीच्या दोन. एक सरळ, एक तिरकी."

त्यानं तिचा एक डोळा तळहातानं झाकला. तिनं पुन्हा पायऱ्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "अहो, एकच दिसतेय."

दुसऱ्या दिवशी तो तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. धक्क्यानं तीच नस दुखावली होती, पण तुटली नव्हती. तिला खास काचांचा चष्मा मिळाला आणि पाच महिन्यांत तो सुटलाही. बाह्या पुन्हा सरळ बसू लागल्या.

माकडिणीची नस मात्र काही जुळणार नव्हती. भाऊला ते खात राहिलं. प्रयोग संपला तेव्हा तो बाईंपुढे उभा राहिला. एकवीस वर्षांत त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

"तिला परत पिंजऱ्यात नको, बाई. मागच्या मोठ्या आवारात सोडू, बाकीच्यांबरोबर."

बाईंनी कागदावर सही केली. माकडीण मान कलवूनच झाडावर चढली, आणि भाऊ जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिथेच उभा होता.