त्या फोटोत मी का रडत होते

माझे वडील हरवले त्या दिवशी आम्ही त्यांना भलत्याच ठिकाणी शोधत होतो. त्यांची सगळी नोकरी ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका कारखान्यात गेली आणि आम्ही भावंडंही तिथल्याच वसाहतीत वाढलो. आई गेल्यावर ते माझ्याकडे कोपरीला राहायला आले. विस्मरणाचा आजार वाढत गेला तसे ते मधूनच सकाळी उठून शर्ट घालायचे आणि म्हणायचे, पहिली पाळी आहे, निघतो. त्यामुळे त्या दिवशी दार उघडं आणि त्यांच्या चपला जागेवर नाहीत हे पाहिल्यावर ते वर्तकनगरलाच गेले असणार, असं आम्ही धरून चाललो. मी, माझा नवरा आणि डोंबिवलीहून धावत आलेला धाकटा भाऊ, तिघांनी तिथल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत. तिथल्या वॉचमनला मी मोबाइलवर वडिलांचा फोटो दाखवत होते, तेवढ्यात तोच मोबाइल वाजला.

फोन दिव्याहून होता, ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनाजवळून. कुणी अनोळखी बाई बोलत होत्या. तुमचे बाबा इथे बसलेत, त्यांना पाणी दिलंय, घाबरू नका, असं त्यांनी एका दमात सांगितलं. वडिलांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात, आतल्या बाजूने, मी मार्करने माझा नंबर लिहून ठेवलेला. तो बाईंना दिसला होता.

आम्ही भावाच्या गाडीने दिव्याला पोचलो तेव्हा तिथे पाण्याचा टँकर आलेला आणि हंडे-कळश्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. रांगेच्या कडेला एका किराणा दुकानाच्या पायरीवर वडील बसले होते. हातात स्टीलचा पेला. मला बघून ते अगदी सहज म्हणाले, "अगं, तू इथे कशी?"

मग मी जे रडले ते रडले. रस्त्यावर गुडघे टेकून, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून. केस सुटलेले, ओढणी कुठेतरी पडलेली. एवढं मोठ्याने मी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पाणीटंचाईचे फोटो काढायला तिथे आला होता. त्याने आमचेही काढले आणि नंतर भावाला विचारून घेतलं की छापले तर चालतील का. भावाने हो म्हटलं, आपला नंबरही दिला. वर्तमानपत्राच्या ठाण्याच्या पानावर खाली कोपऱ्यात तो फोटो आला, हरवलेले आजोबा सापडल्याच्या चार ओळींसोबत. त्यांच्या वेबसाइटवरही आला. मी वडिलांना दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही बाई फार दुःखात दिसते गं. कोण आहे?" आम्ही त्यावर पुष्कळ दिवस हसत होतो.

पुढे वडील गेले. घरीच, झोपेत, कुणालाही त्रास न देता. फोटोचा विषय माझ्यापुरता तिथे संपला होता.

मग एकदा भावाचा मेसेज आला. कुठल्याशा लांबच्या देशात भूकंप झाला होता आणि त्या बातम्यांसोबत लोक एक फोटो पाठवत होते: ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या बापाजवळ रडणारी मुलगी. ती मुलगी मी होते. आजूबाजूचे हंडे कापून टाकले होते, रंग काढून फोटो काळापांढरा केला होता. "अगं ताई, तू तर इंटरनॅशनल झालीस," भावाने लिहिलं होतं. मलाही तेव्हा गंमतच वाटली. शाळेत मी भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना मी तो फोटो स्वतः दाखवला.

काही महिन्यांनी मी पुरात सापडले. त्यानंतर कुठे इमारत पडली तिथे, मग एका युद्धात. दर वेळी देश वेगळा, भाषा वेगळी, खालचा मजकूर वेगळा. वडील कधी जखमी असायचे, कधी मेलेले. नवऱ्याने मोबाइलवर भाषांतर करून एक मजकूर वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की या बाईने आपलं सगळं कुटुंब गमावलं आहे. हे वाचताना तो माझ्या शेजारी बसून चहा पीत होता. आम्ही हसलो, पण पूर्वीसारखं नाही. कोकणातून आत्याचा फोन आला. ती काळजीने विचारत होती की तुम्ही सगळे बरे आहात ना, कुणीतरी मला काहीतरी दाखवलं. वडील जाऊन वर्ष उलटलं होतं, तेराव्याला ती स्वतः आली होती, तरी फोटो बघून ती गोंधळली.

गमतीचा भाग संपला तो यानंतर. आपल्याच राज्यातल्या एका गावाचं नाव टाकून कुणीतरी लिहिलं की अमक्या लोकांनी या म्हाताऱ्याला मारहाण केली, त्याची मुलगी बघा कशी रडतेय, आता तरी जागे व्हा. हा मजकूर मराठीत होता, त्यामुळे तो आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी दोन-चार ओळींच्या पुढे वाचू शकले नाही. माझ्यावर दया दाखवत लोक दुसऱ्या कुणाची तरी घरं जाळायची भाषा करत होते. आणि ते म्हणत होते की हे सगळं माझ्यासाठी.

सातवीच्या वर्गात तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या बाबांना त्यांनी मारलं का?"

मी तिला नाही म्हटलं. माझे बाबा घरी, अंथरुणात गेले, आजारी होते, असं सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. तिने फोटो डोळ्यांनी पाहिला होता, आणि मी नुसतं बोलत होते.

नवरा आणि मी पोलिसांकडे गेलो. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हे एका जागेवरून काढलं तर दहा जागी येईल. मी जिथे जिथे तो फोटो दिसेल तिथे खाली लिहायला लागले की ही मी आहे, हे खोटं आहे. मला लोक विचारायचे, पुरावा काय. एकाने तर मला खोटारडी म्हणून त्या बिचाऱ्या बाईच्या दुःखाचा बाजार मांडू नका असं बजावलं. माझ्याच दुःखाबद्दल. तेही नसलेल्या. सकाळी उठल्यावर आधी मोबाइल उघडून आज मी कुठे मेलेल्या बापासाठी रडतेय ते बघायचं, अशी सवय लागली होती. जगात कुठेही काही वाईट झालं की मी लगेच बातमी उघडायचे, तिथल्या लोकांसाठी नाही, माझ्या फोटोसाठी.

हे असं चाललेलं असताना एका दुपारी भावाचा फोन आला. तो फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरने त्याला गाठलं होतं. ते वर्तमानपत्र केव्हाच बंद पडलं होतं आणि हा माणूस कल्याणला लग्नांचे फोटो काढत होता. भावाचा नंबर त्याच्याकडे अजून 'दिवा आजोबा' या नावाने होता. त्याला परदेशातून एका पत्रकार मुलीची ईमेल आली होती. तिच्या कचेरीत काही लोकांचं कामच हे की जगभर फिरणारे फोटो खरे कुठले, कधीचे ते शोधायचं. इंटरनेटवर एक फोटो टाकला की त्याच्या सगळ्या जुन्या प्रती शोधून देणारी साधनं असतात. तिने माझा फोटो असा मागे मागे नेत नेत बंद पडलेल्या त्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरच्या जुन्या पानापर्यंत आणला होता. पान कुणीही न बघता तिथेच पडून होतं. फोटोखाली फोटोग्राफरचं नाव होतं.

पुढच्या रविवारी तो हार्ड डिस्क आणि लॅपटॉप घेऊन कोपरीला आमच्या घरी आला. चाळिशीचा, जरा स्थूल, फार कमी बोलणारा. बसल्या बसल्या त्याने सांगितलं की या प्रकाराने त्याची झोप उडाली होती, पण माझ्याशी कुठल्या तोंडाने बोलावं हे कळत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही विचारून छापला होता, तुमचं काय चुकलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि त्या दिवशीचे सगळे फोटो दाखवले. मी एकच पाहिलेला, कारण छापायला जागा एकाचीच होती. पण त्याने ओळीने बरेच काढले होते. त्यातल्या एकात मी मान वर केलेली आहे, चेहरा ओला, नाक लाल, आणि वडील आपला पेला माझ्या तोंडाला लावतायत. ते हसतायत. मीही हसतेय. मागे रांगेतल्या बायकासुद्धा हसतायत.

मी तो फोटो किती वेळ बघत बसले सांगता येत नाही. नवऱ्याने मध्येच उठून पंखा वाढवला आणि पुन्हा येऊन बसला.

मग त्याच्याच लॅपटॉपवरून, त्याला शेजारी बसवून, त्या पत्रकार मुलीशी व्हिडिओवर बोलणं झालं. वयाने माझ्या भाचीएवढी, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. ती इंग्रजीत सावकाश बोलत होती आणि मी मराठीत, कारण तिनेच तसं सुचवलं होतं. आमचं बोलणं पडद्यावर खाली भाषांतर होऊन उमटत होतं. बऱ्यापैकी बरोबर उमटत होतं. तारीख, जागा, टँकर, आजार, खिशातला नंबर, सगळं तिने विचारून घेतलं. मूळ फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीखही पडताळली. मग तिने विचारलं की फोटो काढला त्या क्षणी तुम्हाला काय वाटत होतं.

"हायसं वाटलं," मी म्हटलं.

पडद्यावर काय उमटलं कुणास ठाऊक, तिच्या कपाळाला आठी पडली. मी पुन्हा म्हटलं, जीव भांड्यात पडला. त्यावर ती आणखीनच गोंधळली आणि तिने काळजीने विचारलं की कुणाचा जीव गेला, कुठल्या भांड्यात. फोटोग्राफरला हसू आवरेना. शेवटी मी शब्द सोडून दिले. छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. खांदे आपोआप खाली आले.

डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती. तिनेही आपल्या छातीवर हात ठेवला आणि तसाच श्वास सोडला.

"म्हणजे तुम्ही दुःखात नव्हताच," ती म्हणाली.

"कधीच नव्हते," मी म्हटलं. "ते सापडले होते."

तिने लिहिलेली बातमी आली. तिच्यात दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते आणि तो फोटो कुठे कुठे काय म्हणून वापरला गेला तो प्रवास होता. माझी अट होती की माझं नाव नको, ती त्यांनी पाळली. वेगवेगळ्या देशांत असंच काम करणाऱ्या इतर लोकांनी ती आपापल्या भाषेत घेतली. मराठीतही आली. ज्या गावाचं नाव टाकून लोकांना भडकवलं होतं तिथे ती मराठी बातमी फिरली, आणि मारहाणीचा तो मजकूर ज्याने टाकला होता त्याने तो गुपचूप काढून टाकला. माफीबिफी काही मागितली नाही. मला ती नकोच होती. मला फक्त तिथे कुणाला काही झालं नाही हे ऐकायचं होतं, आणि झालं नव्हतं. त्या रात्री मी ताटावर बसले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले. नवरा म्हणाला, अजून एक पोळी घे, आणि मी घेतली.

फोटो जगातून नाहीसा झाला नाही, होणारही नाही. मधूनच कुठेतरी तो उगवतो. पण आता बहुतेक वेळा त्याच्याखाली कुणीतरी, मला न ओळखणारा, माझी भाषा न येणारा माणूस, दुसरा फोटो आणून चिकटवतो. वडील पेला पुढे करतायत तो. मला स्वतःला काही लिहावं लागत नाही. आत्याला भावाने तो दुसरा फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवला आणि तिने तो देवघराशेजारी लावलाय. सातवीतल्या त्या मुलीला मी मधल्या सुट्टीत बोलावून दोन्ही फोटो दाखवले. तिने नीट बघितले आणि म्हणाली, "तुमचे बाबा गोड होते, बाई." मग खेळायला पळाली.

फोटोग्राफरने आता कल्याण-डोंबिवलीच्या बातम्यांचं स्वतःचं छोटं पान इंटरनेटवर सुरू केलंय. लग्नांचा सीझन नसला की रस्ते, पाणी, बंद पडलेले सरकते जिने असं काय काय टाकतो. प्रत्येक घटनेचे तीन-चार फोटो देतो, आधीचा आणि नंतरचाही. तिथे जागेची अडचण नाही, असं तो म्हणाला. भाऊ त्याचा नेमाने वाचक आहे. मी वर्गात मुलांना त्यातले काही दाखवते.

मागच्या महिन्यात पुन्हा कुठेतरी भूकंप झाला. भावाने बातमी पाठवली तेव्हा मी सवयीने आधी फोटो बघायला गेले. उघडून पाहिलं तर फोटोतली बाई मी नव्हते. दुसरीच होती, माझ्याहून तरुण, कपाळावर धूळ, एका पोराला घट्ट धरून उभी. खाली तिच्या गावाचं नाव होतं आणि फोटो काढणाऱ्याचंही. मी शाळेच्या नकाशात ते गाव शोधलं, डोंगराच्या पायथ्याशी सापडलं, आणि मग चष्मा लावून ती बातमी पहिल्यापासून वाचायला घेतली.