उंबऱ्यातलं विष

आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीच्या सेक्रेटरीशी मी बोलत नाही. लिफ्टमध्ये तो असला की मी जिन्याने जाते. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत. त्या माणसाचं तोंड पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि खरं सांगायचं तर ती आग निम्मी माझ्यावरचीच आहे.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे चेन्नईला आले. सासरचे लोक तंजावरचे मराठी. सासूबाई रोज पहाटे उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाची रांगोळी काढायच्या. दगडाची भुकटी त्यांना चालत नसे, कारण ती मुंगीला खाता येत नाही. दुसऱ्या दिवशी कालचं पीठ त्या झाडूने लोटत नसत. अन्नाला झाडू लावायचा नाही! तळहाताने गोळा करायच्या आणि गच्चीच्या कठड्यावर पाखरांसाठी, खारींसाठी ठेवून यायच्या.

एकदा मुंग्या माझ्या साखरेच्या डब्यात शिरल्या. मी चिडून इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, "मुंग्यांचं काहीतरी करा." आठवड्यात मुंग्या गायब झाल्या. मी सेक्रेटरीला टाळ्यांचं चित्र पाठवलं. त्याने काय केलं, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

मग कठड्याखाली एक खार तडफडताना दिसली. उन्हाने असेल, म्हटलं. दोन दिवसांनी आणखी एक. तेव्हाही उन्हावरच ढकललं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडातून लाळ गळायची, बोटं थरथरायची. ते मी वयावर ढकललं. ढकलण्यात माझा हात कोण धरणार!

एका सकाळी त्या रांगोळीजवळच कोसळल्या. अंगाला दरदरून घाम, श्वास घुरघुरत होता. इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"शेतात फवारणी करतात का या?"

"आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो," मी म्हटलं.

"मग यांच्या हातांना काय लागलंय?"

हातांना रोज लागत होतं ते फक्त रांगोळीचं पीठ, आणि त्या पिठावरच्या मुंग्या गायब झाल्या होत्या. मी तशीच घरी आले आणि सेक्रेटरीचं दार बडवलं. त्याने शांतपणे पिशवी आणून दाखवली. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारातून आणलेली सुटी पांढरी पावडर, वर नाव नाही की सूचना नाही. सकाळी फिरायला जाताना तो रोज मूठभर आमच्या रांगोळीवर भुरभुरत होता. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार?

"एरुंबु पोच्चा, इल्लिया?" तो म्हणाला. मुंग्या गेल्या की नाही? "तुम्हीच तर सांगितलं होतंत, मॅडम."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. मराठीत, कारण तमिळमध्ये मला एवढ्या शिव्या येत नाहीत. तो दार लावून आत गेला. त्याच्या चहाच्या वेळेत माझ्यामुळे खंड पडला असावा.

सासूबाई वाचल्या. बारा दिवसांनी घरी आल्या, पण बोटांतून रेघ सरळ पडेना. पिठाची चिमूट घेतली की ती वाटेतच सांडायची. त्या मला विचारत राहिल्या, की असं झालं तरी कशानं. तीन दिवस मी टाळलं. चौथ्या दिवशी त्यांच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. पावडर, खारी, आणि तक्रार माझी होती तेही.

त्या रागावतील, निदान रडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं राहू दे गं," त्या म्हणाल्या. "पण खारींच्या पुढ्यात ते रोज नेऊन कोण ठेवलं? मीच की."