भिंत हजर

बेयाबाई वर्गात खुर्चीवर बसल्या, ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाली. कुणाचा विश्वास बसेना. ट्यूनिशियातल्या काफ गावाच्या चढावरच्या त्या शाळेत बाईंना एकोणतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांना वर्गात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अंगात ताप असला तरी उभ्या, गुडघे धरले तरी उभ्या. शिपाई सालेहकाका म्हणायचे, "बाईंची खुर्ची मी रोज पुसतो, पण ती अजून नवीकोरीच आहे." आणि आता बसल्या त्याही दुसऱ्याच्या वर्गात, दुसऱ्याच्या खुर्चीवर, सहावीच्या सगळ्या पोरांदेखत.

बाई तिसरीला शिकवायच्या. सकाळी आठला पटांगणात झेंडा वर गेला की त्यांची मुलं रांगेनं आत यायची. मुली गुलाबी डगल्यात, मुलं निळ्या. "बसा" म्हटलं की सगळ्या बाकांचा मिळून एकच आवाज व्हायचा. मग श्रुतलेखन. वाक्य दोनदा सांगायच्या, तिसऱ्यांदा नाही. शब्द चुकला की वीस वेळा लिहायचा. हात त्यांनी कधी कुणावर उचलला नाही. मारायची पट्टी तरुणपणीच टाकून दिली होती, कारण जीभ पुरत होती. गावातल्या निम्म्या दुकानदारांचं अक्षर बाईंच्या अक्षरासारखं होतं आणि त्यातले बरेचसे अजूनही बाई समोरून आल्या की सिगारेट पाठीमागे लपवायचे.

त्यांच्या शेजारचा वर्ग लझर सरांचा. लझर दोन वर्षांपूर्वी आले. तिशीतले, उंच, मळकी जीन्स घालणारे. पाचवीला घेतलेला वर्ग सहावीलाही त्यांच्याकडेच राहिला. अपूर्णांक शिकवताना ते पिशवीतून तंदुरात भाजलेली खरोखरची भाकरी काढायचे, तुकडे करायचे आणि शेवटी पोरांना वाटून टाकायचे. दोन वर्गांच्या मध्ये नुसत्या लाकडी फळ्या होत्या. त्यामुळे पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू यायचं. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, हजेरी चालू असताना, पलीकडे एकदम हशा पिकायचा. असा की फळ्या थरथरायच्या. बाईंच्या वर्गातली पोरं लिहिता लिहिता थांबायची आणि त्यांचे डोळे त्या फळ्यांकडे जायचे. बाई खडू फळ्यावर टेकवून हशा संपायची वाट बघायच्या.

"बेयाबाई, तुमच्या वर्गात माशीसुद्धा परवानगी काढून उडते म्हणे," लझर शिक्षकांच्या खोलीत कॉफी ढवळत म्हणायचे.

"तुमच्या वर्गात माशीला वर्गप्रमुख केलंय असं ऐकलं," बाई म्हणायच्या.

सगळे हसायचे, लझरही हसायचे. पण जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पालक मुख्याध्यापक हेदींच्या दारात उभे राहून म्हणायचे, "आमच्या पोराला लझर सरांच्याकडेच टाका हो." बाईंच्याकडे टाका असं अलीकडे कुणी म्हणत नव्हतं. बाईंना ते लागायचं. बोलून मात्र दाखवायच्या नाहीत.

एकदा त्यांनी प्रयत्नही केला. नवरा मोंजी टपाल कचेरीत होता. गमतीजमती सांगण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. त्याच्याकडून एक विनोद घोकून घेतला. गाढवाला शाळेत घालायला निघालेल्या म्हाताऱ्याचा. दुसऱ्या दिवशी श्रुतलेखनाआधी बाईंनी तो वर्गाला सांगितला, अगदी शुद्ध उच्चारात, पूर्णविरामासकट. वर्ग चिडीचूप. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच हात वर केला.

"बाई, हे लिहून घ्यायचं का?"

मोंजी हे ऐकून जेवणावरून उठेस्तोवर हसला. बाई हसल्या नाहीत. "त्या माणसाला जमतं कसं?" एवढंच म्हणाल्या. "रोज हसवतो. रोज, ठरल्या वेळेला."

फेब्रुवारीत लझरची बायको ट्यूनिसला बाळंत झाली आणि ते आठवडाभर रजेवर गेले. हेदींनी बाईंच्या वर्गावर नवी शिकाऊ मुलगी बसवली आणि बाईंना सहावीवर पाठवलं. "वर्षअखेरची परीक्षा आहे त्यांची," ते म्हणाले, "तुमच्यासारखं खमकं माणूस हवं."

बाई आत गेल्या. पोरं उभी राहिली, जरा गडबडीनंच, कारण ती सगळी तीन वर्षांपूर्वी बाईंच्याच हाताखालून गेलेली होती. बाईंनी हजेरीपट उघडला. नावं भराभर होत गेली. मग त्यांनी नाव घेतलं, "दलेंदा बूझीदी."

"हजर" आलं नाही. खिडकीजवळच्या बाकावरून एक उंच, हडकुळी मुलगी उठली. फळ्याशेजारी गेली. पाठ भिंतीला चिकटवली, दोन्ही हात पसरले, तळवे भिंतीला टेकवले, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला,

"भिंत हजर!"

मग हशा. बाईंनी तो हशा तत्क्षणी ओळखला. आठ वाजून दहा मिनिटांचा. दोन वर्षं रोज ज्याच्यासाठी त्या खडू टेकवून थांबल्या होत्या, ज्याचा हेवा केला होता, तोच. मुलगी डोळे उघडून स्वतःही हसली आणि जागेवर जाऊन बसली. जणू काही "हजर" म्हणाली असावी, इतक्या सहज.

बाईंच्या हातातलं पेन हजेरीपटावर तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"हे काय आहे?"

"गंमत आहे, बाई," मागून एक मुलगा म्हणाला. "सरांनी बसवलीये. रोज करतो आम्ही."

"दलेंदाला पण आवडतं," दुसरा म्हणाला. "हो की नाही गं?"

"आवडतं, बाई," दलेंदा म्हणाली. तिचं हसू हललं नाही.

बाई जे रोज करायच्या तेच करायला लागल्या. वाचनाचं पुस्तक काढायला लावलं आणि दलेंदाला उभं केलं. पान होतं ऑलिव्हच्या तोडणीचं, वर शिडीचं चित्र. दलेंदानं अक्षरांखाली बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, एकही अडखळ नाही. बाईंना हायसं वाटणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं. तोंडातली ओळ सातवी होती.

"पान उलट," बाई म्हणाल्या. "आणखी एक. हं, हे वाच."

त्या पानावर चित्र नव्हतं. पोरांनी तो धडा अजून ऐकलेला नव्हता. दलेंदानं बोट ठेवलं. ओठ हलले. काही आलं नाही. तिनं बाईंकडे बघितलं, मग वर्गाकडे. मग पुस्तक बाकावर ठेवलं, फळ्याशेजारी गेली, पाठ भिंतीला लावून हात पसरले आणि डोळे मिटून थांबली. कुणीतरी ओरडावं म्हणून.

पोरं ओरडली. "भिंत हजर!"

ही सहावीतली मुलगी. सहा वर्षं रोज शाळेत येणारी. तिला एक ओळ वाचता येत नव्हती, आणि वाचायची वेळ आली की करायचं काय, हे मात्र तिला पक्कं शिकवलं गेलं होतं.

"हे नाव कुणी ठेवलं हिचं?" बाईंचा आवाज इतका खाली गेला की पोरं हसायची थांबली. "सरांनी?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी वर्गप्रमुख सिहेम उठली. बाईंची जुनी आवडती विद्यार्थिनी, खोटं न बोलणारी.

"नाही बाई. तुम्हीच ठेवलंत."

"मी?"

"तिसरीत. तुम्ही म्हणाला होतात, दलेंदा, एवढं या भिंतीला शिकवलं असतं तर एव्हाना भिंत वाचायला लागली असती." सिहेमनं वाक्य बाईंच्याच सुरात म्हटलं, जिथल्या तिथं थांबत. "तेव्हापासून भिंत."

तेव्हाच बाई बसल्या.

त्यांना ते वाक्य आठवत नव्हतं. तो दिवस आठवत नव्हता. खरं म्हणजे तिसरीतली दलेंदासुद्धा धड आठवत नव्हती. मागच्या बाकावरची एक गप्प मुलगी, एवढंच. वाक्य मात्र त्यांचंच होतं, यात त्यांना क्षणभरही शंका आली नाही. कान आपला आवाज ओळखतो.

शाळा सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. दलेंदाच्या मागोमाग उतारावरून खालच्या वस्तीत गेल्या. तिची आई मब्रूका अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाकरी भाजत होती. कोपरापर्यंत पीठ, तोंड तापलेलं. बाईंना बघताच तिनं हात झटकले, एक गरम भाकरी तेलात बुडवून त्यांच्या हातात दिली.

"बसा ना बाई! पोरीनं काही केलं का? नाही ना? ती तर म्हणते, वर्गात मी सगळ्यांची लाडकी. मी उठले की सगळे हसतात म्हणते. सर पण."

"मब्रूका," बाई म्हणाल्या, "तिला वाचता येत नाही."

"काय येत नाही?"

"वाचता. अक्षर ओळखता येत नाही तिला."

मब्रूका हसली. बाई चेष्टा करताहेत असं तिला वाटलं. मग तिनं दाराकडे बघितलं. दलेंदा दारात उभी होती, दप्तर खांद्यावर, आणि हसत नव्हती. आईचं हसू हळूहळू गेलं.

"सहावीत आहे ती, बाई. दर वर्षी कागद घेऊन येते, मी अंगठा उठवते. मला बाई वाचता येत नाही, म्हणून तर हिला धाडली." भट्टीतली भाकरी करपायला लागली होती, तिला भान नव्हतं. "मग तुम्ही सगळे काय करत होतात इतकी वर्षं?"

बाईंच्या हातात तेलाची भाकरी होती.

लझर सोमवारी परतले, हातात मुलाचा फोटो घेऊन. बाईंनी त्यांना पटांगणातच गाठलं आणि काय पाहिलं ते सांगितलं. लझरचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"अहो, पण मी तिला सामावून घेतलं! पाचवीत आली तेव्हा ही मुलगी तोंड उघडत नव्हती बाई, नाव घेतलं की थरथरायची. पोरं तिला भिंत म्हणून रडवायची. मी म्हटलं, त्याचाच खेळ करू. आता निदान हसते तरी. तुमच्या हाताखालून गेल्यावर काय झाली होती ते तुम्हाला माहीत आहे का?"

"आता माहीत आहे."

"मग?"

"पण लझर सर, दोन वर्षांत तुम्ही तिला एकदा तरी पान उलटायला लावलंत?"

लझरनी फोटो परत खिशात टाकला आणि वर्गात गेले. त्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी फळ्यांपलीकडे काही आवाज झाला नाही. बाई सवयीनं थांबल्या होत्या. थांबून राहिल्या आणि मग पुढचं वाक्य सांगायचं विसरल्या. पोरं पेनं धरून वाट बघत होती.

हेदींनी प्रकरण वाढवू नका म्हणून सांगितलं. वर्ष संपत आलंय, पालकांना लझर आवडतात, तुमचीही निवृत्ती जवळ आली. बाई म्हणाल्या, मला कुणाची तक्रार करायची नाही, मला फक्त सुटल्यावर एक खोली द्या.

दलेंदा पहिले दोन आठवडे आलीच नाही. बाईंनी तिला घरून आणलं तर पळून गेली. तिच्या दृष्टीनं बाईंनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं होतं; आता तिच्यावर कुणी हसत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. "मला गंमत आवडायची," ती एकदा बाईंच्या तोंडावर म्हणाली. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना गोड बोलता येत नव्हतं, येणारही नव्हतं. त्या फक्त रोज चार वाजता खोली उघडून बसायच्या. हो, बसायच्या, लहान बाकावर, आणि दलेंदा यायला लागली तेव्हा तिच्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन. गुरुवारी लझर यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. ते पिशवीतून भाकरी काढायचे, तिच्या तुकड्यांची अक्षरं करायचे, आणि दलेंदा त्यांच्याबरोबर जास्त शिकायची, हे बाईंनी मुकाट्यानं पाहिलं.

जूनमध्ये दलेंदा नापास झाली. मब्रूका निकालाचा कागद घेऊन आली तेव्हा दलेंदानं तो स्वतः वाचून दाखवला, अडखळत, "नापास" या शब्दासकट. पुढच्या वर्षी ती पास झाली. पुढे शिवणकाम शिकली आणि ट्यूनिसला गेली.

बाई निवृत्त झाल्या. पण त्या फेब्रुवारीनंतर एक गोष्ट त्यांच्या मागे लागली ती सुटली नाही. रस्त्यात कुणी मोठा झालेला विद्यार्थी भेटला, वाकून नमस्कार केला, की त्यांच्या मनात पहिलं हेच यायचं. ह्याला आपण काय म्हटलं असेल? इतकी वर्षं, दर वर्षी तीसचाळीस पोरं, रोज बोललेली वाक्यं. मोंजी म्हणायचा, "अगं, कुणाच्या लक्षात राहतंय?" बाई म्हणायच्या, "माझ्याच नाही राहिलं."

परवा त्या औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानदार रिदा, चाळिशीचा, डोक्यावर केस विरळ. बाईंच्याच हाताखालचा. गोळ्या पुड्यात बांधताना बाईंनी एकदम विचारलं,

"रिदा, खरं सांग. मी तुला कधी काही बोलले होते का? लागेल असं?"

रिदाचे हात थांबले. मग तो हसला, मोकळा नाही.

"बाई, सोडा ना. लहान होतो."

आणि "दोन वेळा, जेवणानंतर" असं पुड्यावर बाईंच्याच वळणाच्या सुवाच्य अक्षरात लिहून त्यानं पुडा पुढे सरकवला.